वहिनी थांबतील

लोखंडी शिडीपाशी पोचल्यावर कप्तानाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि जाहीर केलं, "वहिनी बाळाजवळ थांबतील. आपण वर जाऊन येऊ."

कप्तान म्हणजे कुठल्या जहाजाचा नव्हे. तो विमा एजंट होता. पण सहलीला निघाला की त्याच्या अंगात यायचं, म्हणून मित्रांनी ते नाव ठेवलेलं. वहिनी म्हणजे त्याच्या दोस्ताची, चित्रकलेच्या मास्तरांची बायको. ती खाली चटईवर गुडघे टेकून बाळाचा लंगोट बदलत होती. आठ महिन्यांचा ढब्बू आज पहिल्यांदाच डोंगर चढून आला होता. म्हणजे बापाच्या छातीला बांधलेल्या झोळीत बसून. आता पोटभर पिऊन तो पेंगुळला होता.

शिडी उभी होती, तीस-पस्तीस पायऱ्यांची. तान्ह्या पोराला तिच्यावरून न्यायचं नाही, हे तिलाही पटत होतं. राग त्याचा नव्हताच. राग आला तो 'वहिनी थांबतील'चा. पाऊस पडेल, बस येईल, वहिनी थांबतील.

"आळीपाळीने जाऊ," ती म्हणाली. "आधी तुम्ही, मग मी."

"दोन फेऱ्यांना वेळ कुठाय?" कप्तानाने घड्याळ दाखवलं. "अंधाराच्या आत खाली उतरायचंय. आणि वहिनी, खरं सांगू? ही शिडी तुम्हाला झेपायची नाही. खाली बघितलं की गरगरतं."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. विजेच्या खांबावर चढून तुटलेल्या तारा जोडणं ही तिची नोकरी होती. बाळंतपणाच्या रजेवर जाईपर्यंत कप्तानाच्या घरातला पंखासुद्धा तिच्या जिवावर फिरत होता. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आठ महिन्यांत तो विसरला होता.

पण तो परका. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर झोळीचे पट्टे सोडून मोकळेही झाले होते आणि बुटांच्या नाड्या आवळत होते.

"अगं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे," ते न बघताच म्हणाले.

"अर्ध्या तासाचाच ना? मग तू थांब."

कप्तानाची बायको एकदम पाण्याची बाटली उघडून प्यायला लागली.

"मी?" मास्तरांनी नाडी तशीच सोडली. "अगं, आठ महिने झाले मला असं कुठे बाहेर पडून!"

मास्तर रोज शाळेत जात होते. दर रविवारी कॅरम खेळायला जात होते. जेवायची वेळ टळून गेल्यावर परत येत होते.

"आणि मी काय आठ महिने जत्रेत होते?"

तिचा आवाज चढला तसा ढब्बू दचकला. तिने त्याला थोपटलं, उचललं आणि मास्तरांच्या खांद्यावर ठेवलं. मग पिशवीही त्यांच्या पायाशी सरकवली.

"दूध बाटलीत काढून ठेवलंय. कोरडे लंगोट वरच्या कप्प्यात आहेत. दात येतायत, सारखं बोट चावतो. चावू दे."

"आणि रडायला लागला तर?"

"तर रडेल. मी असले तरी रडतोच."

"वहिनी, पुरे झाली गंमत," कप्तान म्हणाला.

"सरका," ती म्हणाली आणि त्याच्या आधी शिडीला हात घातला.

हातांना लोखंड ओळखीचं होतं. पायरीवर पाय कसा टाकायचा, भार कुठे द्यायचा, काही आठवावं लागलं नाही. मागून कप्तानाच्या धापा ऐकू येत होत्या. "जरा हळू!" असंही तो एकदा म्हणाला. ती हळू झाली नाही.

वर सपाट खडक होता आणि झोंबरा वारा. सगळी दरी समोर उघडी पडली होती. पण तिचं डोकं अजून तापलेलंच होतं, त्या दरीत काय आहे ते धड दिसेना. कप्तान आणि त्याची बायको फोटो काढायला लागले. तेवढ्यात खालून ढब्बूचा टाहो आला.

पान्हा फुटून तिचा सदरा दोन्हीकडे ओला झाला. पाय आपोआप शिडीकडे वळले. ती कडेला जाऊन उभी राहिली, पण उतरली नाही. फक्त वाकून पाहिलं.

चटईवर पिशवी पालथी झाली होती. मास्तर ढब्बूला खांद्यावर टाकून येरझारा घालत होते. ढब्बूचं रडणं हळूहळू उतरत हुंदक्यांवर आलं होतं. वाटेवरून एक वयस्कर जोडपं येत होतं. त्यातल्या बाई थांबल्या. कड्यावर आदळून त्यांचा शब्दन् शब्द वर येत होता.

"अगंबाई, आई कुठाय ह्याची? एवढंसं लेकरू टाकून गेली? द्या इकडे माझ्याकडे. तुम्हा पुरुषांना नाही जमायचं ते!"

मास्तर एक पाऊल मागे सरले. दुसऱ्या हातानेही त्यांनी ढब्बूला घट्ट धरलं.

"का नाही जमायचं?" ते ओरडले. "बाप उभा आहे ना इथे! दिसत नाही का तुम्हाला?"

"काय झालं? कोण ओरडतंय?" कप्तान धावत कडेपाशी आला.

"काही नाही," ती म्हणाली. "बापाला राग आलाय."

आणि शिडीकडे पाठ करून ती खडकावर पाय पसरून बसली.