जुना आणि नवा

"दोन हाका मारल्या तरी ढिम्म! आजोबाचं नाव मिरवतोय, पण आजोबाची एक सवय अंगात असेल तर शपथ. थोरला स्त्रातिस पहिल्या हाकेला पानावर असायचा."

गारिफालिया दारात उभी होती. हातातल्या ताटलीत तळलेले सार्डिन मासे निवत चालले होते. नातू पाठमोरा, संगणकासमोर. भरदुपारी खिडक्या लावून बसलेला. अंगात आजोबाचा निळा स्वेटर, सकाळी तिनेच घालायला लावलेला. बाह्या पार बोटांपर्यंत आल्या होत्या.

आज स्त्रातिस नावाच्या संताचा दिवस, म्हणजे ते नाव लावणाऱ्या प्रत्येकाचा सण. संध्याकाळी सगळं बंदर न बोलावता घरात शिरणार होतं. नाव आजोबाचं, म्हणून सणही दोघांचा. दरवर्षी ती मिठाईचा पहिला तुकडा मेलेल्यासाठी बाजूला काढी आणि मग तोच तुकडा नातवाला भरवी. "कुणी का खाईना, स्त्रातिसच्याच पोटात जातोय," असं म्हणे.

या वर्षी तर खुद्द थोरल्याचा आवाज ऐकवायचा होता. तो हयात असताना जहाजावर कामाला असे. गारिफालियाला वाचता येत नव्हतं, म्हणून कॅसेटवर बोलून पाठवायचा. बाकीच्या कॅसेटांवर पोरांनी केव्हाच गाणी भरली. एकच वाचली होती. तिच्यात इंजिनाची घरघर फार, माणूस खाली दबलेला. नातू अथेन्सात भूकंपाच्या लहरी आकड्यांत मांडून तपासतो. त्याने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "आजी, घरघर मी काढून देतो."

"काय झालंय?" तिने विचारलं. त्याच्या पाठीवरून तिला कळलंच होतं.

"आवाज गेला, आजी."

"गेला म्हणजे? कॅसेट आहे ना?"

"तिचा आवाज संगणकात उतरवला, आणि कॅसेट बाहेर काढताना टेपरेकॉर्डरने फीत चावून टाकली. तुला बोललो नाही. म्हटलं, आकडे तर आलेत." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "ही आकड्यांची रांग. हिचं नाव ठेवलं 'जुना'. हिला हात लावायचा नाही. दुसरी केली 'नवा'. नव्यातले बारीक आवाज सगळे शून्य केले, घरघर जावी म्हणून. पण जहाजावरचे बाकीचे खलाशी झोपलेले असणार, म्हणून आजोबा हळूच बोलत होते. तेही शून्य झाले."

"मग जुना लाव की! एवढं तोंड पाडायला काय झालं?"

त्याने जुना लावला. खोलीत शांतता. बाहेर कुणीतरी होडीला रंग देता देता शीळ घालत होतं, तेवढंच ऐकू आलं.

मग त्याने संगणकाला एक ओळ टाकून विचारलं : जुना आणि नवा, दोघांची जागा एकच का? संगणकाने उत्तर दिलं, हो.

"मी दुसरी प्रत काढलीच नव्हती, आजी. प्रत हवी तर तसं सांगावं लागतं. मी त्याच रांगेला नुसतं दुसरं नाव दिलं. नव्याला पुसलं आणि जुना पुसला गेला." तो हसला, पण ते हसणं बघवेना. "विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो मी हे."

जुना अजून चालूच होता; तेवढ्यात पडद्याखालच्या स्पीकरमधून कोणीतरी खोकलं.

गारिफालियाने ताटली खाली ठेवली. खोकला तेवढा मोठा होता, म्हणून वाचला होता. कोरडा, तंबाखूचा. पुढे पुन्हा काहीच नाही.

"त्याचाच," ती म्हणाली. "मेल्याला किती सांगितलं होतं, सिगारेट सोड."

ती खुर्चीवर बसली. मग स्त्रातिस घाईघाईने म्हणाला, "तुला शब्द पाठ आहेत ना? मला सांग. मी बोलतो, खाली घरघर घालतो. माझा आवाज हुबेहूब त्यांचा आहे, तूच म्हणतेस. पाहुण्यांना काय कळणार? तुलासुद्धा..." तो थांबला. स्वेटरच्या बाहीने त्याने डोळे पुसले, आणि लोकर हनुवटीपर्यंत लोंबली.

तिने त्याच्याकडे पाहिलं. खांदे अरुंद होते. कान त्याच्या आईचे. हनुवटी कुणाची, ते तिला सांगताच येईना. तीस वर्षांचा बाप्या, आणि तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"गप बैस," ती म्हणाली. "तुझ्या त्या डब्यात नावं दोन होती, आवाज एक. या घरात नाव एक आहे, माणसं दोन. तुला शून्य करून तो मला परत मिळायचा नाही. काढ तो स्वेटर."