दोघांच्या वाटचं आमेन

दुपारचे चार वाजले होते आणि पाचवा कार्यक्रम अजून व्हायचा होता. चर्चच्या मागच्या खोलीत शिंप्याने बूट काढून पाय समोरच्या बाकावर पसरले. शुक्रवारी एक, शनिवारी दोन, आज सकाळच्या उपासनेत एक. उभं राहून राहून पायांचा पिट्टा पडला होता आणि घसा नुसता खरवडून निघाला होता. थकणारच. तीन दिवस तो एकटा दोघांचं गात होता.

दुसरा म्हणजे त्याचा जुना दोस्त, घड्याळजी. चर्चच्या अकरा गायकांच्या क्वायरमध्ये खालचा सूर या दोघांचाच. लांब सूर आला की एकाने श्वास घ्यायचा आणि तेवढ्यात दुसऱ्याने सूर धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसांना श्वास लागतच नाही. पण दोन महिन्यांपूर्वी घड्याळजीच्या छातीने दगा दिला. तेव्हापासून तो गीतांची फाइल उघडून शेजारी उभा राहायचा आणि नुसते ओठ हलवायचा. घरी त्याच्याशी बोलायला दुरुस्तीला आलेली घड्याळं सोडली तर कोणी नव्हतं. गायनातून नाव निघालं तर हा माणूस महिनाभरात खचेल, अशी शिंप्याला धास्ती होती.

ब्रास बँडमधला बेकरीवालाही या कटात सामील होता. पोटावर धरायचा तो थोरला ट्यूबा त्याच्याकडे. शेवटच्या, सोळा मात्रांच्या आमेनला बँडने थांबायचं असतं, पण हा पठ्ठ्या चारही कार्यक्रमांत 'चुकून' वाजवत राहिला. त्या भोंग्याआड शिंप्याने गुपचूप श्वास घेतला होता.

दार उघडून बाई आत आल्या. क्वायर आणि बँड, दोन्ही त्यांच्याच हाताखाली.

"बेकरीवाले, तुम्हाला सोळापर्यंत मोजता येत नाही का? या वेळी आमेनला वाद्यं मांडीवर. सगळ्यांनी." मग त्या खालच्या सुराच्या जोडीकडे वळल्या. "आणि तुमच्यात मला एकच आवाज ऐकू येतोय. हा कार्यक्रम झाला की दोघांनाही वेगवेगळं बसवून ऐकणार आहे."

बाई गेल्या तसा बेकरीवाल्याने कपाळाला हात लावला. "पाव करपले तरी एवढं कोणी झापत नाही रे मला."

"तू सूर मध्येच सोडून दे," घड्याळजी शिंप्याला म्हणाला. "लोकांना काय कळतंय?"

"बाईंना कळतं ना. मी ओढतो. तू आपलं तोंड हलव."

कार्यक्रम रेटत रेटत शेवटच्या गीतापर्यंत आला. बाईंनी हात उचलला. वाद्यं मांडीवर गेली आणि भरलेल्या चर्चमध्ये अकरा माणसांचा, खरं तर दहाच माणसांचा आवाज उरला. सोळा मात्रांचं आमेन.

आठपर्यंत शिंप्याचं ठीक चाललं. दहाव्या मात्रेला बरगड्या आवळल्या. अकरावीला डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाईंचा हात अजून वरच. तीन दिवस एवढा जीव काढला आणि आता चार मात्रांसाठी सगळं मातीत जाणार, या विचाराने त्याला रडू आलं. बारावी मात्रा संपता संपता त्याचा सूर तुटला.

आणि शेजारून आवाज आला. पातळ, घोगरा, थरथरणारा. पण अगदी सुरात. तहानलेल्याने घटाघटा पाणी प्यावं तसा शिंप्याने श्वास घेतला. बाईंची नजर तिकडे वळली. घड्याळजीने तीन मात्रा धरल्या आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती काही केल्या आवरेना. सोळावी मात्रा शिंप्याने एकट्याने पुरी केली, पण खोकला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

मागच्या खोलीत बाई आल्या तेव्हा घड्याळजीने आपणहून फाइल पुढे केली.

"ऐकलंत ना, बाई? आता बसवून ऐकायला नको."

बाईंनी फाइल घेतली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेल्या.

शिंपी भडकला. "कोणी सांगितलं होतं तुला गायला? मी ओढलं असतं की!"

"काय ओढलं असतंस, लेका! कान जांभळे झाले होते तुझे."

"आणि आता पुढच्या रविवारी काय करणार आहेस?"

"बघू." घड्याळजीने बेकरीवाल्याच्या हातून पाण्याचा ग्लास घेतला, दोन घोट प्यायला आणि छातीतली घरघर थांबू दिली. "पण एक सांगू? तीन दिवस नुसतं तोंड हलवून जेवढा दमलो ना, तेवढा आत्ता गाऊन नाही दमलो."