स्पिरिटचा वास

"रोज किती घेतात?"

शिकाऊ डॉक्टरने मान वर न करता विचारलं आणि पॉलिशवाल्याच्या बायकोचा पारा चढला. पुन्हा तोच प्रश्न! सकाळी नर्सने विचारला, आता हा.

"घेत नाहीत. थेंबसुद्धा नाही!"

"पण कपड्यांना वास..."

"स्पिरिटचा आहे तो! लाकडाला पॉलिश करतात हे. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि बोळ्याने दिवसभर घासत बसायचं. मग वास येईल नाहीतर काय अत्तराचा घमघमाट सुटेल? शनिवारी शेवटचा हात मारायचा असतो, तेव्हा तर जास्तच येतो. लग्न झाल्यापासून हुंगतेय मी. मला शिकवता?"

नवरा खाटेवर बसून पिवळ्याजर्द डोळ्यांनी चादरीकडे बघत होता. बिचारा! भांडण म्हटलं की याच्या तोंडाला कायमचं कुलूप.

तिचा संताप काही उगीच नव्हता. आधी कावीळ झाली, मग स्वादुपिंडात गाठ दिसली. सर्जनने कॅन्सरच धरून ऑपरेशनची तारीख देऊन टाकली. अर्धं पोट कापून काढायचं आणि वर माणूस टेबलावरून उठेल याची खात्री नाही. इथे जिवावर बेतलंय आणि लोकांना पडलंय काय, तर दारूचं! थोरला दीरही भेटायला म्हणून आला आणि सुनावून गेला, "केलं तसं भोगतोय." तिने त्याला वॉर्डाच्या दारातूनच वाटेला लावलं. जन्मभर राबलेल्या माणसाने जाताना बेवडा म्हणवून घ्यायचं? तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

दुपारी एंडोस्कोपीच्या डॉक्टरबाई आल्या. "ऑपरेशनच्या आधी तोंडातून नळी घालून एकदा बघू या," त्या म्हणाल्या. "नळीच्या टोकाला सोनोग्राफी असते. जठरातून स्वादुपिंड अगदी जवळून दिसतं. तिथूनच सुईने छोटासा तुकडा काढू."

"आणखी हाल कशाला त्यांचे?" ती फणकारली.

"गाठीसारखी दिसणारी प्रत्येक सूज कॅन्सर नसते, म्हणून. कापून टाकल्यावर कळून काय उपयोग?"

बाईंनी दारूचं नावही काढलं नाही. तेवढ्यावरच तिने होकार दिला.

तुकड्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरबाई खुर्ची ओढून खाटेशीच बसल्या. "कॅन्सर नाही. शरीराचे राखणदारच स्वादुपिंडावर उलटलेत, म्हणून ते सुजलंय. स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करू, सूज उतरेल. ऑपरेशन नको."

बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पण रडता रडताही तिने मुद्दा सोडला नाही. शिकाऊ डॉक्टर मागेच उभा होता.

"आणि हे दारूने झालंय का? जरा मोठ्याने सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"नाही. या आजाराचा दारूशी काही संबंध नाही."

"ऐकलंत?" ती अख्ख्या वॉर्डावर कडाडली. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

नवऱ्याला एकदम हुंदका फुटला. त्याने डॉक्टरबाईंचे हात धरले आणि लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला.

"म्हणजे बाई, माझ्या शनिवारच्या बाटलीमुळे नाही ना झालं हे? मला वाटलं, मीच ओढवून घेतलंय. डोळ्याला डोळा लागत नव्हता हो माझ्या!"

शिकाऊ डॉक्टर छताकडे बघू लागला.

बायकोने डोळे पुसले. नाक पुसलं. नवऱ्याकडे एकदा नखशिखान्त पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं,

"डॉक्टर, ती ऑपरेशनची तारीख अजून रद्द केली नाहीत ना?"