पडद्यामागचा हात

कोरस पुन्हा मागे पडला. कंडक्टर समीक्षाने छडी खाली ठेवली आणि ती नुसती पडद्याकडे बघत राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर चंदनला जरा बरं वाटलं असतं.

चूक त्याचीच होती. ऑपेराच्या शेवटच्या अंकात कैद्यांचं गाणं तुरुंगाच्या भिंतीआडून, म्हणजे मागच्या पडद्याआडून येतं. तिथल्या गाणाऱ्यांना कंडक्टर दिसत नाही. म्हणून तिच्या सहायकाने, म्हणजे चंदनने, विंगेत उभं राहून फटीतून तिचा हात बघायचा आणि तस्साच हात गाणाऱ्यांना दाखवायचा. एवढंच काम. पण वाद्यांचा आवाज इतक्या मागे पोचायला किंचित उशीर होई, आणि डोळे तिच्या हातावर असले तरी चंदनचा हात कानावर उशिरा पडणाऱ्या तालाबरोबरच हले. एक कॅमेरा आणि टीव्ही लावून पाहिला. त्यावर तर चित्रच उशिरा येत होतं.

"कान बंद कर आणि फक्त माझ्या हाताकडे बघ," समीक्षा म्हणाली.

त्याने कानात कापूसही कोंबून पाहिला. पण लहानपणापासून घासून घासून तयार केलेले कान ते. कापसाला कसले जुमानतात!

संध्याकाळी प्रयोग होता. वाद्यवृंदाच्या अध्यक्ष प्रेरणाबाई खास मुंबईहून येऊन पहिल्या रांगेत बसणार होत्या. आज जमलं तर वाद्यवृंद कायमचा समीक्षाच्या हाती. फसलं तर पुन्हा पाहुण्या कंडक्टरांसाठी तालमी घ्यायच्या आणि प्रयोगाच्या दिवशी मुकाट्याने बाजूला व्हायचं. इतकी वर्षं तिने तेच केलं होतं. त्यात हा पहिला हक्काचा प्रयोग तिच्याच गावात, भिलाईत. आपल्या एका हातामुळे तिचं सगळं पाण्यात जाणार, असं चंदनला वाटत होतं.

दुपारी समीक्षा कुणाची तरी स्कूटर मागून सेक्टर सहाला, आईवडिलांच्या घरी गेली. येताना मागे वडील, हेमराज, बसले होते. आई सिंधुताई ऑटोने मागोमाग आल्या.

हेमराज भिलाईच्या पोलाद कारखान्यात क्रेनचे सिग्नलमन होते. वितळलेल्या लोखंडाची अवाढव्य बादली उचलणारा क्रेनवाला उंच केबिनमध्ये बसतो. मध्ये काही आडवं आलं की त्याला खालचा माणूस दिसत नाही. मग दोघांच्या मध्ये आणखी एक जण उभा राहतो. खालच्याचा हात बघतो आणि तस्साच वर दाखवतो. हेमराजांनी निवृत्त होईपर्यंत हेच केलं.

आता विंगेत आपल्या जागी ते उभे राहणार, हे चंदनला मुळीच पटलं नाही. या माणसाने मुलीचा एकही कार्यक्रम पाहिलेला नाही, हे सगळ्या वाद्यवृंदाला ठाऊक होतं. पोरीने इंजिनिअरिंग सोडलं म्हणून बाप अजून रुसलाय, असं सगळे म्हणत. "नमस्कार काका," तो मागून म्हणाला. हेमराज ढुंकूनही न बघता पडद्याची फट न्याहाळत पुढे गेले. एवढा कसला ताठा, म्हणून चंदन मनातल्या मनात चरफडला.

बापलेक एकमेकांशी बोलतही नव्हते. समीक्षा चौथऱ्यावरून मूठ दाखवी, पंजा दाखवी, बोट फिरवी, आणि हेमराज नुसती मान हलवत.

"क्रेनची भाषा आहे थे," सिंधुताई हसून म्हणाल्या. "लहानी होती तवापासून बापासंग हाच खेळ खेळे."

"पण त्यांना गाण्यातलं काय कळतं, काकू?"

"त्यायले हात समजते, बापू. तू कावून एवढी चिंता करून राहिला?"

चिंता न करून कसं चालेल? शेवटचा अंक सुरू झाला तेव्हा चंदन हेमराजांच्या पाठीशी टपूनच उभा राहिला. काही बिघडलं तर त्यांना बाजूला ओढायचं, असं त्याने ठरवलं होतं. समोर समीक्षाचा हात वर गेला. इकडे हेमराजांचा गेला. गाणारे श्वास घेणार, तेवढ्यात मागे रचून ठेवलेले लोखंडी स्टँड धाडकन कोसळले. गाणाऱ्या बायका दचकल्या. चंदन गर्रकन मागे वळला. हेमराजांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांचा हात समीक्षाच्या हाताबरोबर खाली आला आणि भानावर आलेला कोरस त्या हाताला धरून उठला. अगदी वेळेवर. वाद्यं आणि गळे शेवटपर्यंत एकमेकांना सोडून गेले नाहीत. कुठून आणला या माणसाने एवढा धीर, चंदनला कळेना.

शेवटचा सूर थांबला आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. प्रेरणाबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. समीक्षाचा हात मात्र अजून वरच होता. तो खाली घ्यायचं तिला सुचतच नव्हतं. विंगेत हेमराजांचाही हात वरच.

"काका, संपलं," चंदन म्हणाला. "घ्या हात खाली."

ते हलले नाहीत. टाळ्या वाढतच गेल्या. अखेर समीक्षाने हात खाली घेतला, तेव्हाच त्यांनी घेतला.

चंदनचा राग केव्हाच उतरला होता. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली. वाकून त्याने त्यांच्या पायाला हात लावला, तसे हेमराज एकदम दचकले. त्यांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं, त्याच्या ओठांवर नजर लावली आणि सगळ्या विंगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"बापू, आजारी पडलो तवापासून मले काईच ऐकू येत नाई. तूच सांग न, माया पोरीचं गानं कसं झालं?"