गाळलेली ओळ

आई पलंगावर पालथी पडून होती. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, मान वर करायची नाही, वाचायचं नाही, स्क्रीनचं तर नावच काढायचं नाही. जन्मभर ताठ मानेने वावरलेल्या बाईवर फरशा बघत पडून राहायची वेळ आली होती, आणि ती पार कावली होती.

मुलगा दुपारीच ऑफिसातून परतला, तेव्हा तिने त्याला बुटांवरून ओळखलं आणि पेटीचं काय झालं ते विचारलं.

पेटी म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवणारी काचपेटी. तिचा प्रोग्राम मुलाकडे होता. महिनाभर ती मधूनच भलतंच तापमान दाखवत होती, आणि हे काम दुसऱ्याकडे देऊ, असं साहेब बोलूनही गेले होते. मुलाने सांगितलं, सुटलं एकदाचं. आपलीच बारीकशी चूक होती.

"वाच," आई म्हणाली.

तीही त्याच ऑफिसात होती, आणि सगळे तिला वचकून असत ते याच एका शब्दामुळे. कोणाचाही प्रोग्राम ती आधी मोठ्याने वाचायला लावायची आणि डोळे मिटून ऐकायची. डोळा सांभाळून घेतो, कान घेत नाही, असं तिचं म्हणणं. आता तर डोळ्यांचा प्रश्नच नव्हता. मुलगा स्टुलावर बसला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि लहानपणी परवचा म्हणायचा तसा वाचू लागला. मधली एक ओळ त्याने सफाईने गाळली.

"थांब. वर दुसरा ॲरे मांडलास. तो वापरला कुठे?"

ॲरे म्हणजे आकड्यांची रांग. इथे पेटीतल्या तापमानांची. मुलगा म्हणाला, तो तसाच राहून गेलाय, काढून टाकीन.

"तुझ्या ताटात कधी काही उरत नाही आणि प्रोग्रामात उरतं होय? ओळ खाल्लीस. वाच."

त्याने वाचली. तापमानांची रांग जशी आली तशी पुढच्या प्रोसीजरला, म्हणजे प्रोग्रामातल्या पुढच्या तुकड्याला, न देता त्याने तिची नक्कल दुसऱ्या ॲरेत करून ती नक्कल पुढे दिली होती.

पलंग बुटका होता. आईने हात खाली सोडला आणि फरशीवर बोटाने चौकोन काढायला लागली. एक चौकोन, त्याच्याकडे जाणारी रेघ, मग दुसरा चौकोन. मुलगा त्या बोटाकडे बघत राहिला. हे कोडं सोडवायला त्याला महिना लागला होता. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटला तो अभिमानच.

"ॲरे कोणी उचलून देत नाही. तो कुठे ठेवलाय, तो पत्ता देतात," ती फरशीलाच समजावत असल्यासारखी म्हणाली. "पहिल्या प्रोसीजरला पत्ता मिळाला. तिने तोच दुसरीला द्यायचा. पण इथे..." बोट थांबलं. "पत्त्याची चिठ्ठी ज्या खिशात आहे, त्या खिशाचा पत्ता दिला जातोय. मग दुसरी बिचारी त्या खिशात जे सापडेल ते तापमान म्हणून वाचणार. नक्कल पहिलीची स्वतःची, म्हणून तिचा पत्ता तेवढा बरोबर जातो."

मुलाने लॅपटॉप अर्धवट मिटला.

"ही तुझी चूक नाही रे. माझी आहे."

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तिचा होता. नव्या चिपसाठी केलेलं ते निवृत्तीआधीचं तिचं शेवटचं काम. शुक्रवारी ऑफिसात तिचा सत्कार होता. तिथल्या प्रयोगशाळेला तिचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि बोर्डही रंगवून तयार होता. म्हणूनच मुलाने नक्कल करून आपली पेटी तेवढी सावरली होती आणि दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता.

"शुक्रवार जाऊ दे, आई. मग मी सांगतो सगळ्यांना."

"सलाइनचा पंप करणाऱ्यांनी हाच कंपायलर घेतलाय ना?"

त्याने हो म्हटलं. पंप कालपासून एका वॉर्डात लावून बघत होते.

"त्यांच्याकडे तुझ्यासारखा महिनाभर डोकं फोडणारा असेलच असं नाही. फोन लाव."

साहेबांशी ती पालथी पडूनच बोलली. कसं काय, बरं आहे ना, यातलं काही नाही. चूक माझी आहे, माझ्या मुलाने शोधली, दुरुस्ती आज होईल, तोवर पंप बंद. साहेब शुक्रवारचं काहीतरी सांगू लागले.

"बोर्ड टांगा नाहीतर मला टांगा," आई म्हणाली, "पण पंप आत्ता बंद करा." आणि पंप बंद झाल्याचा साहेबांचा उलट फोन येईपर्यंत तिने मुलाला दुसरं काही बोलू दिलं नाही.

आपण हिची अब्रू झाकायला निघालो होतो, मुलाच्या मनात आलं. ती इतकी नाजूक कधी नव्हतीच.

मग तिने त्याला कंपायलर उघडायला लावला. कोणत्या भागात जायचं, कोणती अट घालायची, हाती असलेला पत्ता आपला की दुसऱ्याकडून आलेला हे कुठे तपासायचं, सगळं तिने तोंडी सांगितलं. तो लिहीत गेला. एकदा त्याने तिचं वाक्य मध्येच तोडून वेगळी सोपी वाट सुचवली. तिने क्षणभर विचार केला आणि तुझंच घे म्हणाली. त्याचे कान लाल झाले.

शेवटी त्याने पेटीच्या प्रोग्राममधून नक्कल काढून टाकली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. तापमान बरोबर आलं. त्याने ते तिला सांगितलं.

आईने कपाळ उशीत टेकवलं.

"आता पहिल्यापासून वाच," ती म्हणाली. "आणि मला सांभाळून घेऊ नकोस."