सतरा मैलांवरचे स्कोन

सुनेच्या दारासमोर गाडी थांबवून डॉरीननं सहा स्कोन, म्हणजे चहासोबतचे छोटे गोल पाव, दुकानाच्या कागदी पिशवीतून आपल्या जुन्या पत्र्याच्या डब्यात हलवले. पिशवीची घडी पर्सच्या तळाशी कोंबली. मग आरशात चेहरा सारखा केला आणि उतरली.

तीन वर्षं हेच चाललं होतं. संधिवातानं बोटं वाकडी झाली आणि मैद्यात गार लोणी चोळणं संपलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याच हिवाळ्यात तिचा मुलगा पेरन गेला. त्याच्या बायकोकडचा रविवारचा चहा तेवढा उरला, आणि त्या चहाला डॉरीनचे स्कोन हवेतच, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. मग तिनं बॉडमिन गावाच्या पलीकडे, सतरा मैलांवर, कुणी ओळखीचं भेटणार नाही असं एक दुकान शोधलं.

खोटं एकवेळ पचलं असतं. पण डॉरीनच्या जिभेला हाड नव्हतं. विकतचे स्कोन पुढे करून ती दर रविवारी सुनेच्या, मॉर्वेनाच्या, स्कोनना नावं ठेवायची. पूर्वी तिचे बरे व्हायचे, पण पेरन गेल्यापासून पार बिघडले होते. "माझ्या पेरनला बाई माझ्याच हातचे लागायचे," असं डॉरीन गेल्या रविवारी बोलून गेली. मॉर्वेना उठली. आपली बशी उचलून तिनं सगळे स्कोन कोंबड्यांना घातले. त्या दिवसापासून डॉरीनला आपलं ते बोलणं डाचत होतं.

म्हणून आज सांगून टाकायचं होतं. सुनेनं दार लावून घेतलं, तर आपल्याला दुसरं दार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"या आई. किटली ठेवलीच आहे." मॉर्वेनाच्या मनगटावर भाजल्याचा ताजा चट्टा होता.

"हे काय गं?"

"काही नाही. कामावर लागलं."

काम कसलं, हे डॉरीननं कधी विचारलं नव्हतं. घर चालवायला सकाळी कुठंतरी जाते, एवढंच तिला माहीत. आज तिला त्याचीही लाज वाटली.

टेबलावर मॉर्वेनाचे स्कोन होते. एका अंगाला कललेले, बिस्किटासारखे चपटे.

"गोल कापताना पुन्हा साचा पिळलास ना? सरळ दाबायचा, सरळ उचलायचा. लहान पोरालासुद्धा जमतं गं."

"मला नाही जमत."

"जमलं असतं तर मी कशाला दर रविवारी डबा घेऊन आले असते?"

सवयीनं तोंडातून गेलं आणि तिनं जीभ चावली. सांगायला आले काय आणि बोलते काय!

मॉर्वेनानं डबा उघडला. एक स्कोन हातानंच दुभागला, आधी जॅम, वर घट्ट साय लावून सासूच्या बशीत ठेवला.

"तुमच्या हातची चव, आई."

डॉरीनला तो घास उचलवेना.

"माझ्या हातचे नाहीत ते," ती म्हणाली. "मी खोटारडी आहे, मॉर्वेना. विकत आणते. तीन वर्षं झाली. हे हात बघ, लोणी चोळवत नाही. तुझ्यापुढे मिरवत राहिले, वर तुलाच टोचत राहिले."

मॉर्वेना चहा ओतायची थांबली.

"कुठून आणता?"

"बॉडमिनच्या पलीकडे ते हिरव्या दाराचं दुकान आहे ना, तिथून."

"एवढ्या लांबून? बरे असतात का हो तिथले?"

हा टोमणा आहे आणि आपण त्याच लायकीच्या आहोत, असं डॉरीनला वाटलं. पण आज खोटं बोलायचं नव्हतं.

"बरे? मला उभ्या जन्मात असे जमले नाहीत. पेरननं खाल्ले असते तर माझ्या स्कोनचं नावही घेतलं नसतं. जी कोणी बाई करते, तिच्यापुढे मी काहीच नाही."

मॉर्वेनानं किटली खाली ठेवली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती.

"लग्न झाल्यापासून पंचवीस वर्षं हे ऐकायची वाट बघितली, आई," ती म्हणाली. "तुमचा डबा येत राहावा म्हणून घरचे मुद्दाम बिघडवत होते. तिथले स्कोन मीच भाजते."