आईचं माहेरचं नाव

“पासवर्ड सांग, धने. शेवटचं विचारतोय.” विक्रमनं मोबाइल तिच्या नाकासमोर नाचवला.

धनश्रीनं वासराचं दावं दोन्ही हातांनी गच्च धरलं. “आठवत न्हाई, दादा.”

“दहावीची अख्खी पुस्तकं पाठ व्हती, आन् आठ-धा अक्षरं आठवत न्हाईत व्हय?”

डिप्लोमाच्या प्रवेशाची साइट सहाला बंद होणार होती. सहालाच डेअरीची गाडी दारात येऊन हॉर्न वाजवायची. त्याआधी विक्रमला बहिणीचा फॉर्म उघडायचा होता, पहिल्या नंबरवरचं पुण्याचं कॉलेज खोडायचं होतं आणि तिथं शिरूरचं टाकायचं होतं. एसटीनं जा, एसटीनं ये, हॉस्टेलची भानगडच नको. आणि धनश्रीला तोवर फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. तेच तिला जन्मात कधी जमलं नव्हतं.

“कॅफेवाल्यानं सगळ्या पोरींना एकच पासवर्ड दिलाय,” विक्रम ओट्याकडं बघून म्हणाला. “गावाचं नाव आन् एक-दोन-तीन. आपल्याच बाईसाहेबांनी तेवढा बदलला.”

ओट्यावर त्यांचे वडील, आबा, तंबाखू मळत बसले होते. “मग कुठं तरी लिहून ठेवला आसंल की तिनं.”

“समदं बघितलं.”

खरंच बघितलं होतं. दप्तर उलटं केलं, कंपासपेटी झटकली, कपाटाच्या दाराची आतली बाजूसुद्धा सोडली नाही. मोबाइलनं ‘पासवर्ड साठवू का?’ असं विचारलं तेव्हा धनश्रीनं ‘कधीच नको’वर बोट दाबलं होतं, त्यामुळं तिथंही काही सापडलं नाही. शाळेत असताना तिच्या वर्गातल्या भाग्यश्रीनं आपला ईमेलचा पासवर्ड ‘पास मावशी’ या नावानं नंबरांमध्ये दडवला होता, आणि मधल्या सुट्टीपर्यंत ती मावशी अख्ख्या वर्गाची झाली होती. धनश्रीच्या घरात तर मोबाइल सगळ्यांचा, कपाट सगळ्यांचं, दप्तरसुद्धा सगळ्यांचं. म्हणून तिनं तो असा ठेवला होता, की घरात कुणाचा हात तिथवर पोचायचा नाही.

“आबा, घावलं!” विक्रम ओरडला. “पासवर्ड विसरलात? प्रश्नाचं उत्तर द्या. आईचं माहेरचं नाव काय?” तो खो खो हसला. “यडे, ह्यो काय प्रश्न झाला?”

धनश्रीनं दावं आणखी आवळलं. तिनं गोठ्याकडं बघितलं. आई पाठमोरी धार काढत होती. चरवीत दूध चुर्र-चुर्र पडत होतं.

विक्रमनं ‘गीता’ टाकलं. चूक. मामाचं आडनाव टाकलं. तेही चूक. एकच संधी उरल्याचं लाल अक्षरांत आलं, तसं त्याचं हसू मावळलं.

“आबा, लग्नाआधी आईचं नाव काय व्हतं?”

आबांचा अंगठा तंबाखूवरच थांबला. “गीता आपण ठेवलं. आधीचं आपलं... व्हतं की कायतरी. स-वरनं व्हतं, का ल-वरनं...”

“बायकोचं नाव ठाव न्हाई तुमाला?”

“तुला आईचं ठाव हाय का?”

विक्रमनं राहू गावी मामाच्या घरी फोन लावला, स्पीकरवर. मामीनं उचलला.

“वन्संचं नाव? आरं इक्रम, मी नांदायला आले तवापास्नं वन्संच म्हणते की. नाव कशाला घिऊ? मामा रानात गेल्यात ट्रॅक्टर घिऊन, मोबाइल हितंच चार्जिंगला ठिवलाय. आल्यावर इचारते. आन् वन्सं बऱ्या हायेत ना?”

विक्रमनं फोन कापला. सहाला चार-पाच मिनिटंच उरली होती.

आता आबाच उठले. तंबाखू तोंडात टाकून ते गोठ्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. गेल्या आठवड्यात इथंच, असंच उभं राहून धनश्रीनं आईला तेच विचारलं होतं. आईनं आधी मागंपुढं बघितलं होतं. मग तिच्या कानात नाव सांगितलं होतं आणि तोंडाला पदर लावून लहान पोरीसारखी हसली होती.

“ऐकलं का?” आबा म्हणाले. “लगीन व्हायच्या आधी तुझं नाव काय व्हतं गं?”

धार थांबली.

आईनं मान वळवली. तिनं आबांकडं बघितलं. त्यांच्या मागं मोबाइलवर बोट रोखून उभ्या असलेल्या विक्रमकडं बघितलं. मग दाव्याला लटकलेल्या धनश्रीकडं.

“ताटातल्या तांदळात नवं नाव काढलं, तवा तुमीच म्हणला व्हता,” ती म्हणाली, “जुनं आता इसरायचं.”

“व्हय, पर—”

“इसरले.”

धार पुन्हा सुरू झाली. चुर्र, चुर्र.

विक्रमनं घाईघाईनं स-वरचं एक नाव ठोकलं. पडद्यावर लाल पट्टी आली आणि रस्त्यावरून डेअरीच्या गाडीचा हॉर्न आला. त्यानं मोबाइल ओट्यावर आपटल्यासारखा ठेवला. आबा चूळ भरायला निघून गेले.

धनश्रीनं दावं सोडलं. दोन्ही तळहातांवर सुंभाचे वळ उठले होते. त्याच हातानं तिनं दुधाच्या कॅनची एक कडी धरली, दुसरी आईनं. अंगण ओलांडून दोघी गाडीकडं निघाल्या. घर पुरेसं मागं पडल्यावर धनश्रीनं ते नाव हळूच उच्चारलं. एकदाच.

आईनं मागं बघितलं नाही, चालही मोडली नाही.

“ओ,” ती म्हणाली.